मंडईचा पहिला अंक

वनिता, तुझ्या तेरवीला मी माझीच वाक्यं तुझ्या नावावर ऐकली आणि गुपचूप वरण वाढत राहिले.

ओसरीवर पंगत बसली होती. तेरवीला लोक आधी जरा मान खाली घालून जेवतात. मग एखादा आठवण काढतो, आणि मग सगळ्यांनाच कंठ फुटतो. सुरुवात तुझ्या नवऱ्याच्या, भाऊजींच्या, मित्रानं केली. "वहिनी तान्ह्या पोळ्याले काय म्हने, याद हाये का? मोठा लाकडाचा बैल आनला त्या पोराले मूठभर खाऊ आन मातीचा बैल आनला त्याले चिमूटभर. हा पोरायचा सन नाई, मोठ्यायची खोड पोरायले लावाचा धंदा हाये, म्हने." सगळी पंगत हसली. मग वाढणाऱ्यांतलीच एक बाई थांबून म्हणाली, "आन संक्रांतीचं वान? म्हने, एकच प्लास्टिकची वाटी साऱ्या गावभर फिरवून राह्यलो आपून, आता तिलेच हळदकुंकू लावा." पुन्हा हसू. मग तिसरं निघालं, चौथं निघालं. तुझा लेक अक्षय डोळे पुसत हसत होता.

त्या पंगतीत तुझी म्हणून जी मतं निघाली, ती जवळजवळ सगळी माझी होती. मी ती चुलीपुढं बसून पुटपुटले होते. तू ती अंगणात नेऊन मोठ्यानं बोलली होतीस. हे जगात दोघींनाच माहीत होतं. आता एकीलाच माहीत आहे, आणि तिच्या हातात वरणाची बादली होती.

म्हणून हे लिहिते आहे. तुझी आठवण येते म्हणून नाही. ती येते, मागच्या अंगणात, सांदवाडीत गेलं की येते, दोन कप चहा मांडला की येते, तिचं काय लिहायचं. पण तुझ्यावर माझा जळफळाट होतो, वनिता. गेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात. तू होतीस तेव्हा जळायला सवड कुठं होती? घरात कायम दहा माणसांचा स्वयंपाक.

तू माझी धाकटी जाऊ होऊन या घरात आलीस ती वरोऱ्याकडून, कापसाच्या मुलखातून. धानाचा बांध तुला चालता येत नव्हता, पहिल्याच आठवड्यात चिखलात बसलीस आणि स्वतःच खदाखदा हसलीस. दिवाळी झाली आणि घरात मंडई मंडई सुरू झालं, तेव्हा तू मला विचारलंस, "बाई, मंडई म्हनजे भाजीचा बाजार ना जी?" मी लाखोळीची डाळ वाटत होते. म्हटलं, भाजीचा बाजार तुमच्याकडे. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावाची अब्रू. दिवाळीनंतर एकेका गावाचा एकेक दिवस ठरतो. दिवसा बाजार, रात्रभर नाटक. लेकी, जावई, मामे, मावसे, त्यांचे शेजारी, सगळे येतात. ज्याच्या अंगणात जास्त चपला, त्याचं घर मोठं. सगळ्यांना जेवू घालून मगच घरच्या बायकांनी नाटकाला जायचं.

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मी या घरात आल्यापासून एकाबी नाटकाचा पह्यला अंक नाई पाह्यला."

तू डाळीत पाणी घालत होतीस, ती थांबलीस. "एकबी नाई?"

"शेवट साऱ्यायचे पाह्यले. कोन मेलं ते मालूम हाये. काऊन मेलं ते नाई मालूम."

तू हसली नाहीस. मला वाटलं विषय संपला. संध्याकाळी तू सगळ्यांसमोर, डोक्यावरचा पदर नीट करत, आपल्या सासूला, आत्याबाईंना म्हणालीस, "आत्याबाई, मंडईच्या रातच्याले चूल काऊन पेटवाची जी? पाव्हन्यायले दुपारीच पोटभर चारू. रातच्याले साऱ्यायनं नाटक पाह्याचं, बायकायनंबी. पह्यल्या अंकापासून."

नव्या सुनेचं तोंड. गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ओसरीवर ऐकू आलं. आत्याबाई म्हणाल्या, "वरोऱ्याले असंच शिकवते का?" मामंजी उठून बाहेर गेले. मी तुला मनगट धरून मागं सांदवाडीत नेलं, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. म्हटलं, "माह्यं नाव घेऊ नोको बरं कधी."

"नाई घेनार, बाई," तू म्हणालीस.

आणि तू ते कधीच घेतलं नाहीस. एवढं कोणी वचन पाळतं का गं?

त्यानंतर आपला रिवाजच पडला. मी पोळ्या लाटता लाटता काही बोलायची, तू शेकता शेकता ऐकायची, आणि दोन दिवसांत ते गावभर झालेलं असायचं. पोरांना पाहुण्यांच्या पाया पडायला मानेला धरून वाकवू नये, हे माझं. भाऊबिजेला भावानं बहिणीच्या घरी फक्त जेवायला यायचं आणि हात धुऊन निघायचं, त्यापेक्षा त्यानं एक दिवस तिची भांडी घासावीत, हेही माझं. हे बोलल्यावर तुझा सख्खा भाऊ दोन वर्षं आला नाही. तू रडलीस त्या वेळी, मी पाहिलं. मी चहा करून दिला. चहा पिऊन झाल्यावर नाक ओढत म्हणालीस, "बरं बाई, आता पुढचं काय हाये?"

तुझी स्वतःची मतंही होती, नाही असं नाही. चहात आलं घालणं म्हणजे चहाचा अपमान. मांजर पाळलेल्या घरात भांडणं होत नाहीत. टॉवेल रोज धुवायची गरज नाही. ती तू तितक्याच जोरात सांगायचीस, पण ती कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. तेरवीलाही निघाली नाहीत. हे लिहिताना मला जरा बरं वाटतं आहे.

सगळ्यात गाजलं ते आग्रहाचं. आपल्याकडे पाहुणा नको नको म्हणतो आणि घरची बाई घ्या घ्या म्हणते, दहा वेळा हे चालतं, आणि दोघांनाही माहीत असतं की तो जेवणार आहे. मी एकदा कंटाळून म्हटलं, एकदाच विचारावं. हो म्हटला तर वाढावं, नाही म्हटला तर झाकून ठेवावं. झालं. तू दुसऱ्याच दिवशी भाऊजींच्या मामाला विचारलंस, "जेवता का जी?" मामा रिवाजाप्रमाणे म्हणाले, "नाई, नाई, जेवूनच आलो." तू पातेल्यावर झाकण ठेवलंस. मामा तासभर पातेल्याकडे पाहत बसले आणि मग शेजारच्या घरी जाऊन जेवले. गावभर बभ्रा झाला. लहानी सून बिनआग्रहाची. आत्याबाईंना तोंड दाखवायला जागा उरली नाही. पण पुढच्या खेपेला मामा आले, तू विचारलंस, आणि ते पहिल्याच झटक्यात म्हणाले, "जेवतो ना, भूक लागली." हात धुवायला उठलेसुद्धा. मग हळूहळू गावात लोक एकमेकांना म्हणू लागले, वनिताच्या घरावानी सांग, एका शब्दात.

हे असंच व्हायचं. आधी नाक मुरडायचे, वर्षभरानं तेच वाक्य त्यांच्याच तोंडी असायचं, आणि त्यावर तुझं नाव. वनिता म्हणजे एक घाव दोन तुकडे. आणि माझ्याबद्दल? "थोरली गरीब हाये बिचारी. गायच हाये." मी तुझ्यामागं उभी राहून हे ऐकायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसं वाटायचं. पण लगेच हेही वाटायचं, की काठीही नागोबाच खातो आहे. घंटा मी घडवायची आणि मांजराच्या गळ्यात तू बांधायची, आणि ओरखडे तुझ्या हातावर. मग रागवायचं तरी कुणावर? मी मुकाट्यानं पीठ मळायची.

माझी लेक प्राची नसती तर मी हे सगळं गिळलंही असतं. तिच्यापायी नाही गिळता आलं.

तुला आठवतं, आत्याबाई शेवटी वाकल्या ते वर्ष? प्राची तेव्हा दुसरीत होती. तू इतकी वर्षं दर मंडईला तेच तेच बोलून त्यांचे कान किटवले होतेस. त्या म्हणाल्या, करा बापा, दुपारीच करा, माह्या डोक्याले ताप नोको. आपण पहाटे उठून लाखोळीचे वडे काढले, कोंबड्याचा रस्सा केला, दुपारी तीनपर्यंत सगळं गाव जेवून तृप्त. चूल विझवली. मी ती हिरवी साडी काढली. खोटं कशाला सांगू, मी पावडरसुद्धा लावली होती. आणि दिवेलागणीला ब्रह्मपुरीहून एक जीप भरून पाहुणे आले. न सांगता. पुरुष, बाया, पोरं, आणि सगळे उपाशी.

आत्याबाई म्हणाल्या, "आता एक सून राह्यजा."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे. तू म्हणालीस, "बाई, तुमी जा. मी पाह्यतो इथचं."

आणि मी रिवाजानं म्हणाले, "नाई वं, तू जा. प्राचीबी तुह्याजवळच बसते."

आता इथं दुसरी कोणतीही जाऊ असती तर म्हणाली असती, नाही नाही, तुम्हीच जा. मी म्हणाले असते, अगं जा. ती म्हणाली असती, माझी शपथ आहे. आणि तिसऱ्या खेपेला मी हसत हसत निघाले असते. पण तू वनिता. एकदाच विचारायचं, नाही म्हटलं तर झाकण ठेवायचं. "बरं," म्हणालीस, प्राचीचा हात धरलास, सतरंजी काखेत मारलीस, आणि गेलीस.

माझंच मत मला वाढलंस तू, तेही गरम गरम.

मी परत चूल पेटवली. नाटकाच्या भोंग्यावरून आधी पेटी ऐकू आली, मग नांदी, मग कोणीतरी हसवतंय आणि हजार माणसं हसताहेत. मी वडे तळत होते. त्या हिरव्या साडीवर तेलाचा एक थेंब उडाला, तो डाग अजून आहे. सगळ्यांना वाढून, भांडी पाण्यात टाकून, ओल्या हातांनी मी मंडपात पोचले तेव्हा दुसरा अंक अर्धा झाला होता. प्राची तुझ्या मांडीवर, डोळे हे एवढे मोठे. मी शेजारी बसून हळूच विचारलं, "हे कोन हाये वं, लाल फेटेवाला?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "श्श! आई, तुले नाई समजनार. तुनं पह्यला अंक नाई पाह्यला."

सात वर्षांची पोर. तिला काय कळत होतं? पण मला ते वाक्य आजही जसंच्या तसं लागतं. तू ऐकलंस ते. तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस, आणि तुझ्या तोंडावर जे होतं ते मला पाहवलं नाही म्हणून मी रंगमंचाकडे पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांदवाडीत भांड्यांचा ढीग होता. तू राख घेऊन समोर बसलीस आणि काही न विचारता सुरू झालीस. "ऐका बाई. पडदा उघडते तं बीचमध्ये एक बाज हाये. बाजेवर म्हातारा खोकून राह्यला..." पातेलं हा वाडा, झारा ही तलवार, तू म्हातारा, तूच सून, तूच तो फेटेवाला. कोपऱ्यात एक आंधळा कोतवाल बसलेला, त्याला दिसत काही नाही पण चोर तोच ओळखतो. इतकं हसले मी, की राखेचा हात तोंडाला लागला. मनात मात्र म्हणत होते, मेली, माझा अंक बघून आली आणि आता मलाच दाखवते आहे.

त्यानंतर दर मंडईला काही ना काही होऊन मी मागं राहिलेच. कधी आत्याबाईंचे गुडघे, कधी पाहुण्याचं पोर तापलेलं. आणि दर मंडईच्या दुसऱ्या दिवशी तू मला पहिला अंक सांगितलास, राखेनं भांडी घासत, पुढं साबण आला तरी तिथंच बसून. पुढं एकदा तेच जुनं नाटक दुसऱ्या मंडळींनी परत आणलं, तेव्हा बायकांच्या बोलण्यातून कळलं की त्यात आंधळा कोतवाल नव्हताच. मी तुला जाब विचारला. तू म्हणालीस, "नव्हता तं काय झालं? असाले पाह्यजे होता."

प्राची मोठी झाली, चंद्रपूरला दवाखान्यात नर्स झाली, तिचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. फोन आधी तुला यायचा. मला नंतर, स्वयंपाक झाला का, गुडघा कसा आहे, बस. तुला मात्र सगळं. मुलीचं बारसं करायचं नाही ठरवलं तेव्हा सासरी भांडण झालं, ते तुला आधी कळलं. बारशाच्या नावानं बाळंतिणीला तीन तास खुर्चीत बसवतात, त्यापेक्षा तिला झोपू द्या, असं ती सासूला म्हणाली. कोणाचं वाक्य होतं ते? अक्षयच्या बारशाला तू ताटकळत बसली होतीस आणि मी तुझ्या पाठीमागं उशी ठेवताना म्हटलं होतं. माझ्या लेकीनं माझं वाक्य तुझ्याकडून घेतलं, आणि त्याच्या जोरावर ती सासरी उभी राहिली. मला अभिमान वाटायला हवा होता. मला तुझ्या फोनकडे बघून ठसका लागायचा.

तू गेल्यावर तिनं फोनवर तुझा फोटो ठेवला आणि खाली लिहिलं, काकू, विचार करायला तू शिकवलंस. फोटोत तू हात वर करून काहीतरी ठासून सांगते आहेस. मागं चुलीजवळ कोणाचं तरी कोपर दिसतं आहे. ते माझं आहे. कोणाच्या लक्षात आलं नाही. मीसुद्धा बांगडीवरून ओळखलं.

आता आपल्या भांडणाचं बोलू. ते अर्धंच राहिलं.

यंदा नवरात्राच्या आधी आपण अंगणात तांदूळ पाखडत होतो. प्राचीचा फोन तुला येऊन गेला होता आणि तू खुशीत होतीस. माझ्या तोंडून निघालं, "मोठी शिकवनारी. काय शिकवलं वं तुनं तिले? सारं माह्यंच त होतं."

तू सूप खाली ठेवलंस. रागावली नाहीस, हेच मला जास्त झोंबलं. "मंग सांगतो ना साऱ्यायले. प्राची येनार हाये मंडईले. तवाच सांगतो, हे सारं बाईचं व्हय म्हनून."

"खबरदार!"

"काऊन जी? आता कोनाचं भेव? आत्याबाई गेल्या, मामंजी गेले."

तू सूप पुन्हा उचललंस, आणि तांदळाकडे पाहत म्हणालीस, "बाई, तुमाले नाव बी पाह्यजे आन लपाले जागा बी पाह्यजे."

मी उठून आत गेले. दोन दिवस आपण एकमेकींशी फक्त मिठामसाल्याचं बोललो. तिसऱ्या दिवशी तुझ्या छातीत कळ आली. ब्रह्मपुरीला नेलं, तिथून पुढं न्या म्हणाले, आणि वाटेतच तू गेलीस. तुझं माझं शेवटचं बोलणं काय, तर भाजीत मीठ कमी आहे. ते मी म्हणाले होते. मीठ बरोबर होतं, वनिता.

मंडई काल झाली.

घरात मौत झाली म्हणून वर्षभर सण नाही. पाहुण्यांना सांगायचं नसतं, आणि पाहुणे येत नसतात. अक्षय कामावर परतला होता. प्राची तेवढी मुलीला घेऊन आली, भाऊजींना एकटं वाटू नये म्हणून. दिवेलागणीला ओसरीवर प्राचीचे बाबा, भाऊजी, प्राची, सगळे नुसते बसून होते. सकाळचंच जेवण उरलं होतं, ते खाऊन झालं होतं. अंगणात आमच्याच चार चपला. मी आत जाऊन चुलीकडे पाहिलं. चूल थंड. मंडईच्या दिवशी, दिवेलागणीला, माझ्या हातांना काहीच काम नव्हतं. तू इतकी वर्षं मागत होतीस ते असं मिळालं, तू गेल्यावर.

भोंग्यावर पेटी सुरू झाली. मी कपाटातून ती हिरवी साडी काढली, डागावर निरी येईल अशी नेसले, आणि बाहेर येऊन म्हटलं, "मी नाटकाले जाऊन राह्यली."

प्राचीच्या बाबांनी मान वर केली. "काय म्हनून राह्यली तू? मौतीच्या घरचं मानूस नाटकाले जाते का? लोक काय म्हनतीन?"

"लोक तिथीच बसले हायेत सारे. जाऊन इचारतो."

"अवो, वर्षभर सन नाई आपल्याले!"

"सन नाई म्हनूनच जातो. सन राह्यते तवा मी चुलीपाशी राह्यतो. वर्षभर सन नाई तं वर्षभर मी रिकामी हावो. ज्या घरची बाई मेली त्या घरच्या बायकायले एक दिवस चुलीपासून उठू द्यावं, ते खरं सुतक."

बोलले तेव्हा माझाच आवाज मला अनोळखी वाटला. मोठा होता. गोठ्यापर्यंत गेला असेल. भाऊजींनी उपरण्यानं डोळे टिपले आणि म्हणाले, "वनिताच बोलल्यावानी वाटली." प्राची उठून माझ्यापाशी आली, माझे खांदे धरले. तिच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "आई! काकूच बोलून राह्यली वं तुह्यातून!"

पाहिलंस? जन्मात एकदा मी माझं मत माझ्या तोंडानं बोलले, तर तेही तुझ्याच नावावर जमा झालं.

मी म्हटलं, "काकू नोय. मीच हावो. पह्यलेपासून मीच होती."

"हो वं माय, हो," प्राची म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तापात बडबडणाऱ्या माणसाला आपण हो म्हणतो, तसा हो होता तो. ती दवाखान्यात दिवसभर तसंच म्हणत असेल. माझी बाजू खरी आहे हे सांगायला एकच माणूस होतं, वनिता. त्याला मी खबरदार म्हणून गप्प केलं, आणि ते ऐकून गप्प झालं.

मी गेले. प्राची मुलीला घेऊन बरोबर आली. तिकीट जमिनीचं काढलं, सतरंजी अंथरली. चार बायांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं, त्यांना मी मान हलवून रामराम केला. पडदा अजून पडलेला होता. पडलेला पडदा मी कधी पाहिलाच नव्हता गं. त्यावर डोंगर, नदी आणि दोन मोर रंगवलेले असतात, हे तू कधी सांगितलं नाहीस.

मग पडदा उघडला आणि मी पहिला अंक पाहिला. अगदी पहिल्यापासून, डोळ्याची पापणी न लववता.

आणि काय सांगू तुला, काहीच नसतं त्यात. एक माणूस येतो, आपलं नाव सांगतो. दुसरा येतो, तो पहिल्याचा भाऊ आहे असं सांगतो. मग एक जण उगाच पडतो आणि लोक हसतात. एवढंच. मी वाट पाहत राहिले, आता रंगेल, मग रंगेल, आणि अंक संपला. एवढ्यासाठी मी आयुष्यभर जळत होते? तू सांगायचीस तो यापेक्षा कितीतरी चांगला होता. सगळेच चांगले होते. ते तू पाहून येत नव्हतीस, वनिता. ते तू सांदवाडीत बसून करत होतीस, माझ्यासमोर, पातेलं आणि झारा घेऊन. सगळं गाव तो नुसता अंक पाहायचं, आणि मला एकटीला तो दुसरा मिळायचा. तो कुणाला सांगितला मी कधी? प्राचीलासुद्धा नाही. ती जळली असती.

आज सकाळी लवकर उठले. घासायला भांडी फार नव्हती, चहाचं पातेलं आणि चार कप. तरी सांदवाडीत नेली. साबण होता, पण राख घेतली. खुराड्यापाशी तुझा पाट तसाच आहे, कोंबडीनं घाण केली होती, ती पुसली. प्राची दार उघडून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, कोनासंग बोलून राह्यली?" मी म्हटलं, जा, पोरगी उठली असेल. ती आत गेली.

तर ऐक. पडदा उघडतो, मध्ये एक बाज आहे. एक माणूस येतो, आपलं नाव सांगतो. दुसरा येतो, तो त्याचा भाऊ. आणि इकडं कोपऱ्यात, कोणाच्या लक्षात येणार नाही असा, एक आंधळा कोतवाल बसला आहे.